दारावरचं शून्य

२ एप्रिल

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

नमस्कार साष्टांग आहे, पुढचं पत्र मात्र ताठ उभं राहून लिहिते आहे.

सोबतच्या खोक्यात तुमची लाल गाडी परत पाठवते आहे. ज्या खोक्यातून आली त्याच खोक्यात, त्याच दोरीने बांधून. फुटलेली नाही, चारही चाकं फिरतात. मुलांनी ती जेमतेम एक संध्याकाळ पाहिली. ढेकळ्या दोन तास रडला आणि मग हातात चमचा धरून झोपला. तो तीन वर्षांचा आहे, विसरेल. मुंगी सहाची आहे, ती रडली नाही. तिने एवढंच विचारलं, आजोबांना राग येईल का. मी म्हटलं, येईल.

बाबा, आमच्या घरात प्लास्टिकचं खेळणं येत नाही हे मी मुंगीच्या जन्माआधीपासून सांगते आहे. पालथ्या घड्यावर पाणी. दर वाढदिवसाला तुम्हाला नव्याने विसर पडतो. दुकानातून आणली असतीत तर चुकून आणली म्हटलं असतं. पण तुम्ही चार महिने खपून साचा कापलात, जुन्या कारखान्यात जाऊन गाडी ओतून घेतलीत, आणि तळाला कोरलंत, 'आजोबांकडून, कायमची'. कायमची हा शब्द तंतोतंत खरा आहे. ढेकळ्या म्हातारा होऊन जाईल, त्याची नातवंडं जातील, आणि ही गाडी कुठल्यातरी नाल्यात चारही चाकं वर करून तशीच लालभडक पडलेली असेल.

मी दिवसभर प्रयोगशाळेत काय करते हे तुम्ही कधी विचारलं नाहीत. नाल्यांचं पाणी बाटल्यांतून येतं, मी ते गाळते आणि गाळणीवर काय उरलं ते भिंगाखाली बघते. मागच्या आठवड्यात लाल कण होते. तुमच्या कारखान्यातल्या बादलीचा लाल मी झोपेतही ओळखेन. त्याच बादलीने तुम्ही मला अंघोळ घातलीत.

कळावे. लोभ असावा असं लिहायची रीत आहे. असेल तर तो असल्या खोक्यांतून पाठवू नये.

आपली,
लेक


७ एप्रिल

चि. प्रयोगशाळेस,
अनेक आशीर्वाद. 'उत्तम' हा शब्द तुझ्या पत्राच्या उत्तरात वाया घालवत नाही.

गाडी पोचली. शेजारची शिंपीण जिन्यातच होती, तिने विचारलं काय आलं. मी म्हटलं, लेकीने तोंडावर फेकलेलं परत आलं.

कारखान्याच्या फाटकावर स्टुलावर उभा राहून मी वीस वर्षं भाषणं केली. समोर हजार माणसं असायची. आता ऐकायला तू एकटी उरलीस, तेव्हा ऐक. तुझी आजी रस्त्यावरच्या नळावरून तीन जिने पाणी चढवायची, लोखंडी बादलीने. ती बादली रिकामीसुद्धा एवढी जड की मला दोन्ही हातांनी उचलत नव्हती. चाळिशीत तिचा उजवा खांदा डाव्यापेक्षा चार बोटं खाली आला. मी कारखान्यात लागलो, साचा कापायला शिकलो आणि माझ्या साच्यातली पहिली बादली घरी नेली. तिने ती करंगळीला अडकवली आणि घरभर फिरली. हसत होती. मग जिन्यात बसली आणि म्हणाली, ही वीस वर्षं आधी का नाही आली रे. पृथ्वीवरच्या भाराची मापं काढणाऱ्या शहाण्यांनो, त्या खांद्यावरचा भार तुमच्यापैकी कुणी मोजला होता? तराजू हातात धरायचा तर दोन्ही पारडी भर. आणि मुंगी आठव्या महिन्यात जन्मली तेव्हा तिच्या नाकात जी नळी होती ती लाकडाची नव्हती. ती नळी तू परत पाठवली नाहीस.

तुझा नवरा सुतार. तो लाकडी खेळणी करतो ती तुला चालतात. झाडाला विचारून घेतो का?

सुट्टीत पंधरा दिवस पोरं माझ्याकडे येतील असं तू मागच्या वर्षी कबूल केलंस. गाडीचं निमित्त करून शब्द फिरवू नकोस. तुझी आई गेल्यापासून या घरात कुणी मोठ्याने हसलेलं नाही. दया यावी म्हणून हे लिहीत नाही. दया तू नाल्यातल्या माशांना दे.

माझा लोभ आहेच. तो कुजत नाही आणि विरघळत नाही, माझ्या मालासारखाच आहे.

बाबा


१२ एप्रिल

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

येतील. तुमच्या भाषणाला टाळी म्हणून नाही. ह्यांना एका शाळेचे बाक करायला परगावी जायचं आहे आणि माझ्याकडे एप्रिलअखेर तपासणी आहे. अडला हरी, पुढची म्हण तुम्हाला येते.

आजीच्या खांद्याबद्दल मी वाद घालत नाही. पण तुमच्या कारखान्याने तिला एक बादली दिली आणि मग थांबायचं कुठे ते विसरला. चमचा, पेला, पिशवी, त्या पिशवीला पिशवी. खांद्यावरचा भार उतरवून तुम्ही तो खाली ठेवलात, आणि खाली आम्ही राहतो.

सोबत दोन पानं नियम आहेत. हसून घ्या आणि पाळा. दूध किटलीतून, पाव फडक्यातून. खेळायला माती, पाणी, दोरा, लाकूड. खाऊ वेष्टनातला नको.

आणि रविवारचं वजन चुकवायचं नाही. हे तुम्हाला कधी सांगितलेलं नाही, म्हणून सविस्तर लिहिते. आठवडाभर घरात जो कचरा होतो तो एका कापडी पिशवीत जमा होतो. रविवारी सकाळी ती पिशवी स्वयंपाकघरातल्या तराजूवर चढते आणि आकडा दाराच्या आतल्या बाजूला खडूने लिहिला जातो. ज्याने कचरा केला त्याने तो स्वतः पिशवीतून काढून दाखवायचा आणि कुठून आला ते सांगायचं. कुणी ओरडत नाही, कुणी मारत नाही. खोटं मात्र बोलायचं नाही. मुलांना मी कचऱ्याची एकच व्याख्या शिकवली आहे: मातीत गेलं तो कचरा नाही, पोटात गेलं तो कचरा नाही, उरेल तो कचरा. मुंगी ती झोपेतही म्हणते.

तिच्याबरोबर एक रिकामी पिशवी देते आहे. तुमच्या घरी जे उरेल ते त्यात घालून ती परत आणेल. तुमच्यावर पाळत ठेवते आहे असं वाटलं तर बरोबर वाटलं.

लोभ आहे तसा राहू द्यावा, वाढवायला जाऊ नये. वाढवताना तुमच्याकडून माल ओतला जातो.

आपली,
लेक


३ मे

चि. लेकीस,
अनेक आशीर्वाद.

जावयांच्या हाती पोरं आणि हे पत्र सोपवतो आहे. मोजून घे. दोन होती, दोन आहेत.

तुझे नियम मी शिंपिणीला मोठ्याने वाचून दाखवले. ती म्हणाली, माझा मामा तुरुंगात होता, त्यालाही एवढे नव्हते. तरी पाळले. किटली घेऊन गेलो तर दूधवाल्याने विचारलं, आजोबा, जगातल्या पिशव्या संपल्या का. पाव फडक्यात बांधून आणला, रस्ताभर चुरा सांडला आणि मागे कबुतरांची मिरवणूक. तुझी पिशवी खिळ्याला टांगली होती. मुंगी रोज सकाळी तिच्यात डोकावायची, पहारेकरी कुलूप बघतो तशी.

ढेकळ्याने गच्चीवरच्या सहाही कुंड्या उपसल्या. त्यातली एक तुझ्या आईची होती. तो मुठीत माती घेऊन झोपतो, हे मला माहीत नव्हतं.

मुंगीची एक गंमत सांगतो. दुपारी जेवण झालं की ती शिंपिणीकडे जायची आणि शिवणयंत्राखाली बसून चघळत राहायची. जेवून तास झाला तरी तोंड चालूच. शिंपीण म्हणाली, ही पोर रवंथ करते. मी म्हटलं, करणारच, आईने गवतावर वाढवली आहे. शेवटचे दोन दिवस पोट दुखतं म्हणत होती. घरी जायचं नसेल म्हणून, असं मी धरून चाललो.

एक दिवस तिने विचारलं, आजोबा, तुमच्या बादल्या आता कुठे आहेत. मी म्हटलं, लोकांच्या घरी. तर म्हणते, आणि फुटलेल्या? सहा वर्षांच्या तोंडात तुझा प्रश्न. चांगली पढवून पाठवलीस.

तिने जाताना माझ्या मानेला मिठी मारली आणि सोडेना. जावयांना बोट बोट सोडवावं लागलं. हे तुला बोचावं म्हणूनच लिहिलं आहे.

लोभ आहे, आणि यंदा पंधरा दिवसांनी वाढला आहे. तक्रार असेल तर लेखी कर.

बाबा


८ मे

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

तक्रार नाही. जिंकलेला माणूस तक्रार करत नाही.

परवा रविवारी सगळे तराजूभोवती जमलो. मुंगीने तुमच्या घरून आणलेली पिशवी स्वतः उलटी करून झटकली. धूळसुद्धा पडली नाही. मी विचारलं, पंधरा दिवसांत काहीच नाही? ती म्हणाली, काही उरलंच नाही. मग तिने स्टूल ओढलं, चढली आणि दारावर खडूने शून्य काढलं, ताटलीएवढं. आमच्या घरात आजवर शून्य आलं नव्हतं. ह्यांच्या सामानाच्या वेष्टनांनी दर वेळी घात केला. पहिलं शून्य आलं ते तुमच्या घरून, बाबा. लाल बादल्यांच्या किल्ल्यात पंधरा दिवस राहून माझी पोर कोरी बाहेर आली. एकतीस वर्षं तुम्ही जे ओतत होता त्याला तिने एका खडूने उत्तर दिलं.

मंगळवारी ग्रंथालयात पालकांची सभा आहे. मी बोलणार आहे आणि हे शून्य सांगणार आहे. तुमचं नाव घेणार नाही. फक्त 'एक साचेकार' म्हणेन.

ती नीट जेवत मात्र नाही. दोन घास खाते आणि ताट सरकवते. काल उलटी झाली. तिला काय तळलेलं खाऊ घातलंत ते सरळ लिहा. चिडणार नाही. आज माझं मन मोठं आहे.

लोभ करा, आज मागते आहे.

आपली,
लेक


१३ मे

चि. लेकीस,
अनेक आशीर्वाद.

तळलेलं काही दिलं नाही. तुझ्या आईची शपथ.

शून्याबद्दल अभिनंदन. एक विचारायचं होतं. पिशवी नीट बघितलीस ना? शिवणीत, कोपऱ्यात काही अडकतं. तिच्या फ्रॉकचे खिसे बघितलेस? सहज विचारतो. पोरं रस्त्यात टाकूनही देतात काहीबाही. सभेत सांगायची घाई करू नकोस. वक्त्याने आकडा दोनदा तपासून मगच तोंड उघडावं, हे मी चुकून शिकलो आहे.

उलट्या थांबल्या का ते लगेच कळव. डॉक्टरला दाखव. उगाच काढे पाजत बसू नकोस.

शिंपिणीने मुंगीसाठी चिंध्यांची एक गोधडी शिवायला घेतली आहे. चिंध्या तुला चालतात, मी नियमांत पाहिलं. पुढच्या सुट्टीचे दिवस आत्ताच ठरवून टाकू, म्हणजे पुन्हा वाद नको.

लोभ ठेव.

बाबा


२४ मे

बाबा,

वरचे मायने आज नाहीत.

परवा मंगळवारी सकाळी मुंगी स्वयंपाकघराच्या दाराशी वाकडी होऊन पडली. पोट लाकडासारखं. दवाखान्यात फोटो काढला, तोंडातून नळी घालून बघितलं, नळीने जमेना म्हणून पोट उघडावं लागलं. सहा वर्षांच्या पोरीचं पोट. दोन तासांनी डॉक्टरीणबाई बाहेर आल्या, त्यांच्या हातात स्टीलची ताटली होती. ताटलीत लिंबाएवढा एक गोळा. हिरवा, सोनेरी, जांभळा. त्यांनी चिमट्याने एक टोक सोडवून सपाट केलं. त्यावर टॉफीचं चित्र होतं.

चौदा कागद. कागद म्हणायचं आपलं, तुमचाच माल, पातळ केलेला. मी आयुष्यभर तो माशांच्या पोटातून मोजला.

शुद्धीवर आल्यावर तिने सांगितलं ते डॉक्टरीणबाईंना, मला नव्हे. मी पडद्यामागे उभी होते. आजोबा रोज दुपारी ढेकळ्या झोपला की डब्यातून एक टॉफी द्यायचे आणि म्हणायचे, आईला सांगू नकोस हं. तिने आजोबांचं ऐकलं.

आणि तुम्हाला माहीत होतं! फ्रॉकचे खिसे बघ म्हणालात. शिवणीत अडकतं म्हणालात. ताकाला जाऊन भांडं लपवलंत, आणि त्या वेळी माझी पोर इथे रोज ओकत होती. त्या पत्रात 'टॉफी दिली' हे दोन शब्द लिहिले असतेत तर नऊ दिवस आधी कळलं असतं. तुम्ही आईची शपथ घेतलीत, तीही तळलेल्यापुरती, वकिलासारखी. हजार माणसांपुढे खरं बोलायला तुम्हाला स्टूल लागायचं. एका लेकीपुढे बोलायला काय लागतं ते सांगा, पाठवून देते.

मुलं तुम्हाला भेटणार नाहीत. या सुट्टीत नाही, पुढच्या नाही. गोधडी पाठवू नका. पत्र पाठवू नका.


२९ मे

चि. लेकीस,

आशीर्वाद तुला नको असतील, तरी लिहितो. ते मागे घेण्याची सोय नाही.

पत्र पाठवू नका म्हणालीस. पाठवतो आहे. फाडायचं असेल तर वाचून फाड.

टॉफ्या मी दिल्या. पहिल्या दिवशी दिली तेव्हा तिचे डोळे असे झाले की दुसऱ्या दिवशी हात आपोआप डब्याकडे गेला. आईला सांगू नकोस हे मीच म्हटलं, चौदा वेळा म्हटलं. त्यात नातीवरचं प्रेम होतं तेवढीच तुझ्यावरची कुरघोडीही होती. गाडी परत आली होती ना. मी पोरीला फोडून माझ्या बाजूला घेत होतो. संप फोडणाऱ्यांना मी फाटकावर जन्मभर शिव्या दिल्या, आणि म्हातारपणी सहा वर्षांची पोर एका टॉफीवर फोडली.

तुझं शून्य वाचलं आणि मी घरभर शोधलं. कागद माझ्या डब्यात नव्हते, कोपऱ्यात नव्हते, तुझ्या पिशवीत नव्हते. मला वाटलं खिडकीतून टाकले असतील. गिळले असतील असं मनात आलं नाही. पण काहीतरी बिनसलंय हे कळलं होतं. लिहिलं नाही, कारण लिहिलं असतं तर तू पुढची सुट्टी बंद केली असतीस. त्या पंधरा दिवसांसाठी मी गप्प बसलो, आणि पोरीने ते पोटावर घेतलं. यावर तू मला काय म्हणशील ते मी स्वतःला म्हणून झालो आहे, तुझ्यापेक्षा घाण शब्दांत.

आता तू ऐक. तुझं १२ एप्रिलचं पत्र समोर ठेवून बसलो आहे. आजोबांचं ऐकलं, एवढंच तू शेवटच्या पत्रात लिहिलंस. आजोबांचं ऐकायचं होतं तर पोरीने कागद खिडकीतून फेकला असता, बाकाखाली खुपसला असता. माझं ऐकायला गिळावं लागत नाही. मग कुणासाठी गिळला? तुझ्याच अक्षरात लिहिलं आहे: पोटात गेलं तो कचरा नाही. खोटं बोलायचं नाही. कुणी ओरडत नाही म्हणतेस. ओरडायची गरजच काय? दारावर आकडा लिहून ठेवलास की सहा वर्षांची पोर स्वतःवर आपोआप ओरडते.

तिने दोघांचंही ऐकलं. मला दिलेला शब्द मोडला नाही, तुझ्या तराजूपुढे खोटी बोलली नाही. काही उरलंच नाही म्हणाली, आणि खरंच उरलं नव्हतं. आपण दोघं आयुष्यभर लोकांना निष्ठा शिकवत हिंडलो. घरात एकच माणूस निष्ठावान निघालं आणि त्याला टाके पडले.

तिने डॉक्टरीणबाईंना आणखी काय सांगितलं? तू पडद्यामागे होतीस. लिही. मी भांडं दाखवलं, आता तू दाखव.

मुलांना भेटू देऊ नकोस, ते मी भोगीन. पण अर्धं सत्य लिहून मला शिक्षा देऊ नकोस.

बाबा


९ जून

बाबा,

दहा दिवस उत्तर लिहिलं नाही. तुमचं पत्र तीनदा चुरगळलं आणि तीनदा सरळ केलं.

तिने आणखी सांगितलं होतं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, बाळा, कागद का खाल्लेस. तिने व्याख्या म्हणून दाखवली. मातीत गेलं तो कचरा नाही, पोटात गेलं तो कचरा नाही, उरेल तो कचरा. सबंध म्हटली, माझ्याच सुरात, शेवटच्या शब्दावर मी देते तसाच जोर देऊन. डॉक्टरीणबाई माझ्याकडे वळून बघतील म्हणून मी पडद्याआड आणखी मागे सरकले. हे मी तुम्हाला लिहिलं नाही. स्वतःला सांगितलं की लिहायची गरज नाही. भांडं दाखवलं.

टाके काढायच्या दिवशी तिने परिचारिकेला विचारलं, माझ्या पोटातून निघालेला गोळा इथेच ठेवला की घरी दिला. ती म्हणाली इथेच. मग मुंगी म्हणाली, म्हणजे तो दवाखान्याच्या वजनात जाणार की आमच्या? परिचारिका हसली.

ग्रंथालयातल्या त्या सभेत मी शून्य सांगितलं होतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. एका बाईने उभं राहून विचारलं, हे तुम्ही मुलांकडून कसं करून घेता. मी दहा मिनिटं उत्तर दिलं.

तुमच्या मालाबद्दल माझं मत तसूभर बदललेलं नाही. उद्या पुन्हा लाल कण सापडले तर मी पुन्हा लिहीन. तुम्ही नऊ दिवस गप्प बसलात ते मी माफ केलेलं नाही, आणि कधी करीन असं वचन देत नाही. मी माझं सांगितलं म्हणून तुमचं हलकं होत नाही.

घरी आल्यावर दारावरचं शून्य पुसायला ओलं फडकं घेऊन गेले. मुंगीने माझा हात धरला. म्हणाली, पुसू नकोस. मी म्हटलं, ते खरं नव्हतं ना. ती म्हणाली, पण आकडा नसला तर मी चांगली वागले की वाईट ते मला कसं कळणार? बाबा, मी फडकं खाली ठेवलं. तिला काय उत्तर द्यायचं ते मला अजून सुचलेलं नाही. तुम्ही हजार माणसांच्या प्रश्नांना उत्तरं दिली आहेत. सुचलं तर कळवा. एवढ्यासाठीच लिहिते आहे.

तिने सांगितलं आहे की आजोबांना विचार, मी डॉक्टरांना सांगितलं म्हणून त्यांना राग आला का.

लोभाबद्दल आज काही लिहीत नाही.

लेक


१३ जून

चि. लेकीस,
अनेक आशीर्वाद.

तिच्या प्रश्नाचं उत्तर मला सुचलेलं नाही. स्टुलावर चढून द्यायचं उत्तर नाही ते.

रविवारी सकाळच्या गाडीने येतो. तू बोलावलेलं नाहीस, दारात उभं करून परत पाठवलंस तर जिन्यात बसेन, जिन्याची आमच्या घराला सवय आहे. रिकाम्या हाताने येतो. लाल गाडी आणत नाही, टॉफी आणत नाही. गोधडी मात्र शिंपिणीने माझ्या गळ्यात मारली आहे, ती परत करायची तर तिला कर, माझी छाती नाही.

तराजू काढशील तेव्हा मला पुढे येऊ दे. तुझ्या नियमाने ज्याने कचरा केला त्याने तो दाखवायचा आणि कुठून आला ते सांगायचं. चौदा कागद माझे. मी ते तुझ्या दारापुढे, पोरीच्या देखत सांगणार आहे. आकडा काय लिहायचा ते ती ठरवेल, पण माझ्या नावाने लिहायचा. आणि तुला नंतर माझ्याशी भांडायचं असेल तर पोरीला ऐकू येईल असं भांड. तिच्या पाठीमागे आपण दोघांनी पुष्कळ केलं.

तिच्या निरोपाचं उत्तर: राग आला नाही. डॉक्टरांना सांगितलंस ते फार बरं केलंस. पण हे मला तिच्या तोंडावर सांगायचं आहे, तेव्हा मी येतो हे रविवारपर्यंत तिला सांगू नकोस.

बघ. पुन्हा तेच लिहिलं. ही ओळ खोडत नाही, तुला दिसू दे.

सांग तिला. पत्र हातात पडताच सांग.

बाबा